झोपेच्या गोळीची चिठ्ठी

(वर्धापनदिनी मंडळात झालेले भाषण)



मी झोपेच्या गोळीवर बोलणार म्हटल्यावर चिटणीसबाईंनी मला दोनदा विचारले, "नक्की ना?" नक्की. आपल्यापैकी कितीजणींच्या घरी ही पट्टी आहे हे मी विचारणार नाही. ती बहुधा फराळाच्या डब्यामागे, सुनेच्या नजरेस पडणार नाही अशी ठेवलेली असते, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

यजमान गेल्यावर मला रात्र रात्र डोळा लागेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून नायट्राझेपामची गोळी लिहून दिली; काही आठवडे घ्यायची आणि मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे कमी करीत आणायची. पहिली पट्टी तिकडेच मिळाली. पुढची वाशिमात घ्यायला निघाले, तेव्हा पहिल्या दुकानदाराने चिठ्ठी पाहताच "असलं औषध आम्ही ठेवत नाही" म्हणून ती परत सरकवली. दुसरा म्हणाला, "गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी आणा." तिसऱ्याकडे गर्दी होती. तो सर्वांदेखत मोठ्याने म्हणाला, "काकू, झोपेची गोळी कशाला पाहिजे तुम्हाला?" खोकल्याचे औषध मागणाऱ्याला कोणी असे विचारते काय? शेजारी उभ्या असलेल्या बाई ओळखीच्या होत्या. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत काय काय बोलले गेले असेल, ते आपणच ताडावे.

चौथ्या दुकानात एक तरुण मुलगी औषधे देत होती, शिकलेली फार्मसिस्ट. तिने चिठ्ठी वाचली, एक जाड वही काढली आणि माझे नाव, डॉक्टरांचे नाव-पत्ता, औषध आणि गोळ्यांची संख्या लिहून घेतली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "घाबरू नका मावशी, हे सगळ्यांचंच लिहावं लागतं." मग तिने मला जे समजावले ते आपल्याही उपयोगाचे आहे.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० सालचा आणि त्याचे नियम १९४५ चे. त्या नियमांत २०१३ साली 'एच-वन' नावाचे एक परिशिष्ट घातले गेले, ते १ मार्च २०१४ पासून लागू झाले. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही त्यातलीच. त्यांच्या पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. हा व्याप नको म्हणून काहीजण ही औषधे ठेवीतच नाहीत. डॉक्टर त्याच गावचा असावा अशी अट मात्र नियमांत नाही.

कडकपणा उगाच आलेला नाही. मालेगावात (आपल्या जिल्ह्यातले नव्हे, नाशिककडचे) अल्प्राझोलामची गोळी नशेसाठी 'कुत्ता गोळी' या नावाने विकली जाते, पोलिसांनी ती अनेकदा पकडली आहे. तेव्हा दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नये. चिठ्ठी असूनही अपमान झाला तर रागावण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे.

डॉक्टरांपुढे बसलेल्या असतानाच काही गोष्टी लिहवून घ्याव्या. एक चिठ्ठी एकदाच चालते. पुन्हा औषध मिळायचे असेल तर किती वेळा आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर लिहिलेले असावे लागते. आपले नाव, पत्ता, तारीख, सही, एकूण गोळ्या, सारे हवे. औषधाचे मूळ नाव ठळक अक्षरांत मागून घ्यावे. कारण कंपनीचे नाव लिहिले असेल, तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीची गोळी देण्यास दुकानदाराला नियमाने मनाई आहे. पुण्यामुंबईच्या मुलाला सांगून फोनवरच्या डॉक्टरकडून चिठ्ठी मागवू म्हणाल, तर २०२० च्या दूरवैद्यक नियमांप्रमाणे या गोळ्या तशा लिहून देता येत नाहीत.

आणि औषध मिळाले नाही म्हणून शेजारणीची गोळी उसनी घेऊ नये. साखर उसनी घ्यावी, गोळी नव्हे. वय झालेली बाई गोळीच्या गुंगीत रात्री मोरीकडे जायला उठते आणि पडते; खुब्याचे हाड मोडले की वर्ष अंथरुणावर जाते. बरेच दिवस रोज घेतलेली गोळी एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, जीव घाबरा होतो, कधी फिटही येते. म्हणून पट्टी संपण्याच्या आठ दिवस आधीच दुकानात विचारावे. मिळत नसेल तर डॉक्टरांनाच कळवावे, बदल काय करायचा तो तेच ठरवतील. मन फारच खचले असेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे. तेथे पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

आपल्यात औषधदुकानदारांच्या घरच्या तिघीचौघी बसल्या आहेत. त्यांनी आज घरी एवढे सांगावे, की औषध नसेल तर ते कोठे मिळेल ते सांगत जा, आणि काही विचारायचेच असेल तर हळू आवाजात विचारा.