झिजलेली शिवराई आणि तिची प्रतवारी

आजीच्या पेटींत दोनचार काळवंडलेल्या शिवराया सांपडल्या, कीं घरांत लागलीच प्रश्न निघतो : ह्या तज्ज्ञांकडे प्रतवारीस पाठवाव्या काय? वाटणीच्या वेळीं त्यावरून रुसवेही होतात. बहुधा पाठवूं नयेत, असें माझें मत आहे.

शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’. परंतु महाराजांच्या मागून पेशवाईंतही ती ठिकठिकाणच्या टांकसाळींतून पाडली जात होती, आणि एकोणिसाव्या शतकांतही बाजारांत चालत होती. म्हणून शिवराई मिळाली म्हणजे महाराजांच्या काळची मिळाली, असें नव्हे. शिवाय ठसा पुष्कळदां नाण्याहून मोठा असे. तेव्हां अर्धें अक्षर दिसलें तर तो दोष झिजेचाच, असेंही नाहीं.

प्रतवारी करणाऱ्या संस्था अस्सलपणा पाहतात, १ ते ७० पर्यंत गुण देतात व नाणें बंद डबींत घालतात. ही मोजपट्टी १९४९ सालीं विल्यम शेल्डन यांनीं अमेरिकेंतील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठींच बसविली, ही एक गंमत. झिजलेल्या नाण्याच्या पदरांत गुण थोडेच पडतात. शुल्क मात्र पुरें, टपालखर्च निराळा. अक्षरांचें वळण दुर्मिळ असलें, किंवा घेणाऱ्यास अस्सलपणाची हमी हवी असली, तरच तो खर्च भागतो. त्यासाठीं आधीं एखाद्या जाणत्या संग्राहकास नाणें दाखवावें.

तोंवर एवढें करा. देवाच्या तांब्याप्रमाणें शिवराई चिंचेनें घासूं नका. तो काळा थर गेला, कीं तज्ज्ञ तिला ‘साफ केलेली’ ठरवितात, आणि असलेलें मोलही उतरतें. साध्या कोऱ्या कागदाच्या पुडींत कोरडी ठेवा, आणि कोणाच्या पेटींत मिळाली तें पुडीवर लिहा.