अपस्माराची गोळी आणि डोळ्यांची बाहुली



कल्याण वा डोंबिवलीच्या गजबजलेल्या फलाटावर एखादा प्रवासी एकाएकी कोसळतो व हातपाय झाडू लागतो. कोणी कांदा, कोणी जोडा त्याच्या नाकाशी धरतो. कोणी पापणी उचलून पाहतो, तो बाहुली विस्फारलेली आणि उजेडातही न आकसणारी दिसते. ‘विषबाधा’ किंवा ‘बाहेरची बाधा’ असे निदान गर्दीत तत्काळ होते.

वस्तुतः अपस्माराच्या मोठ्या झटक्यात अनुकंपी मज्जासंस्था उद्दीपित होते, म्हणून बाहुल्या मोठ्या होतात. झटका ओसरला की त्या पूर्ववत होतात.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले, तेव्हा या व्याधीवर ब्रोमाइडखेरीज फारसे औषध नव्हते. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन वैद्याने झोपेसाठी फेनोबार्बिटोन हे बार्बिट्युरेट वर्गातील औषध रुग्णांना दिले, आणि त्यांचे झटकेच कमी झाल्याचे त्याला आढळले. हे स्वस्त औषध आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

या गोळीमुळेच बाहुल्या मोठ्या होतात, हा समज निराधार आहे. योग्य मात्रेत तसे होत नाही. अतिमात्रेत गुंगी येते, श्वास मंदावतो व बाहुल्या बहुधा लहान किंवा नेहमीसारख्या राहतात. प्राणवायू अपुरा पडू लागल्यावर मात्र त्या विस्फारू शकतात. तो धोक्याचा इशारा होय. डोक्यास मार लागून एकच बाहुली मोठी दिसली, तर मेंदूवर दाब वाढल्याची शक्यता असते.

याहून मोठा धोका गोळी एकाएकी थांबविण्यात आहे. त्यामुळे झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एवढे अवश्य सांगावे : रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, झटका पाच मिनिटांत न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळी बंद करू नये.

हिंदू विवाह कायद्यात वेडासोबत जोडलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. कायद्याने पुसलेला हा कलंक गावाच्या मनातूनही पुसला गेला, तर कोणाही मुलीला लग्नाच्या धास्तीने आपली गोळी लपवावी लागणार नाही.