टर्की, मक्याचा पाव आणि आमटीतला गूळ

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातील सण’ हा विषय दिला आणि दहा मिनिटं दिली. विषय मोठा आहे, म्हणून मी एकच जेवण घेते. अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंगचं, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं.

इतिहास थोडक्यात सांगते. सगळे १६२१ सालच्या प्लिमथच्या मेजवानीची गोष्ट सांगतात. इंग्लंडहून आलेले वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग तेव्हा एकत्र जेवले. पुढे त्याच मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, म्हणून १९७० पासून त्यांच्यातले काही जण प्लिमथला हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात. देशभर दर वर्षी हा सण पाळण्याची प्रथा लिंकननं १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना सुरू केली. चौथा गुरुवार कायद्यानं पक्का झाला १९४१ मध्ये.

मी २००६ साली प्रोजेक्टसाठी मिनीआपोलिसला होते. तोवर माझं ठाम मत होतं की या लोकांना खाद्यसंस्कृती म्हणून काही नाही. एक भला मोठा पक्षी भाजायचा आणि डब्यातलं काहीतरी शेजारी वाढायचं. डब्याचं अगदीच खोटं नव्हतं. फरसबी, मश्रूम सूप आणि वर तळलेला कांदा घालून भाजायचा जो पदार्थ घरोघरी होतो, तो १९५५ साली कॅम्पबेल या सूपच्या कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मला!

पण आमच्या टीममधल्या, घरी जाऊ न शकणाऱ्या सात-आठ जणांनी एकत्र जेवायचं ठरवलं आणि भांडणं सुरू झाली. बाल्टिमोरचा मुलगा म्हणाला, टर्कीबरोबर आंबवलेला कोबी हवाच. त्या शहरात जर्मन लोक येऊन वसले, त्यांची ही देणगी. न्यू मेक्सिकोची मुलगी लाल मिरचीचे तमाले करणार होती, म्हणजे मक्याच्या कणसाच्या सालात बांधून वाफवलेलं सारण. स्थानिक मिनेसोटावाल्यानं ‘वाइल्ड राइस’ आणायचं ठरवलं. तो खरं म्हणजे तांदूळच नाही, तळ्यात उगवणाऱ्या गवताचं बी आहे. ओजिब्वे लोक होडीतून जाऊन काठीनं ते झोडपून होडीतच पाडतात. भोपळ्याचा पाय की रताळ्याचा, यावर तर दोन दिवस ईमेल चालल्या. रताळ्याचे पक्षकार अर्थातच दक्षिणेकडचे.

आमच्या चमूत पन्नाशीच्या एक बाई होत्या, अलाबामाच्या. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. टर्कीबरोबर खायचं ‘ड्रेसिंग’ त्या करणार होत्या. उत्तरेकडे याला ‘स्टफिंग’ म्हणतात आणि ते गव्हाच्या पावाचं करतात. दक्षिणेत मका हे रोजचं धान्य, म्हणून तिथे मक्याच्या पिठाचा पाव कुस्करून, त्यात कांदा, सेलरी, सेज नावाचा पाला, अंडी आणि कोंबडीचं पाणी घालून ट्रेमध्ये भाजतात. मी उत्साहानं म्हटलं, “तुम्ही फोनवर सांगा, मी करते.” त्यांनी सेज किती, पाणी किती, सगळं सांगितलं. पाव आदल्या दिवशी करून वाळू दे, म्हणाल्या. मी दुकानातून तयार पिठाचा खोका आणला, त्यावर लिहिलं होतं तसा पाव केला. शिस्तीत, वेळेत. इंजिनिअर ना!

(टर्कीची जबाबदारी माझ्याकडे नव्हती हे बरं. सात किलोचा गोठवलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला तीन-चार दिवस लागतात. हे ज्याच्याकडे होतं त्याला बुधवारी रात्री कळलं. त्यानं तो थंड पाण्यात बुडवून, दर अर्ध्या तासानं पाणी बदलत रात्र काढली.)

जेवायला बसलो. बाईंनी ड्रेसिंगचा पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. “छान झालंय,” म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले, तर डोळे पुसत होत्या. त्यांची आई त्या मार्चमध्ये गेली होती. तो ट्रे आईच्या हातचा नसल्याचं त्यांचं ते पहिलंच वर्ष. आणि मी आणलेल्या खोक्यातल्या पिठात साखर होती. त्यांच्याकडे मक्याच्या पावात साखर घालत नाहीत. बिडाच्या तव्यात, ताक घालून करतात. हे मला सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं. खिचडीत व्हॅनिला घालू नकोस, असं आपण कुणाला सांगतो का?

त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. आणि मला एकदम आपला सातवी ‘ब’चा वर्ग आठवला. मधली सुट्टी, डबे उघडलेले. वडिलांची बदली झाल्यामुळे नागपूरहून आलेली एक मुलगी माझ्या बाकावर बसायची. माझ्या डब्यातली आमटी चाखून ती म्हणाली, “आमटीत गूळ?” आणि डबा बाजूला सरकवला. आम्ही सगळ्या तिला हसलो. पुढे महिनाभर ‘गूळ’ म्हणूनच हाक मारली. तीही नव्या गावात, आजीचं घर मागे ठेवून आलेली होती. हे तेव्हा आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. बाईंच्या आलं होतं. त्यांनी आम्हाला वर्गाबाहेर उभं केलं होतं. बाई, आज इथे सगळ्यांसमोर कबूल करते, शिक्षा बरोबर होती.

पुढच्या वर्षी अलाबामाच्या बाईंनी माझ्या मागे उभं राहून माझ्याकडून तो पाव करून घेतला. साखरेचा कण नाही. खाल्ल्यावर म्हणाल्या, “चांगलंय. आईसारखं नाही.” खरं बोलल्या.

माझी नागपूरची मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. या मेळाव्यासाठी ती कालपासून माझ्याकडेच उतरली आहे. रात्री आमटी मी केली आणि गूळ वेगळ्या वाटीत ठेवला. तिनं थोडा घातला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अजून मला हे पटलेलं नाही हं.”

जेवणाची ताटं मांडलेली दिसताहेत. थांबते.