पथ्य म्हणजे उपास नव्हे
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं बोलणं)

आज बचतीचं नाही, घरातलं बोलणार आहे. सुनेला विचारूनच बोलतेय, ती समोरच बसलीय.

दोन वर्षांमागे तिला शौचातून रक्त जायला लागलं. आम्ही म्हटलं, मूळव्याध असेल. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. पुढे दिवसातून आठ-दहा वेळा जायची, रात्रीही उठायची. खाल्लं की पोटात कळ यायची, म्हणून मी तिचं खाणंच तोडलं. दूध बंद, डाळ बंद, अंडं बंद. दोन महिने नुसती भाताची पेज. केलं मायेनंच, पण ५० किलोची पोर ४० वर आली.

शेवटी मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं तपासलं. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला सूज येते, जखमा होतात. हा संसर्गाचा आजार नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही.

तिथल्या आहारतज्ज्ञ ताई म्हणाल्या, "आजी, सूज असताना अंगाला प्रथिनं जास्त लागतात." वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ४० किलोच्या बाईला ४८ ते ६० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. पेजेवर हे कसं भागणार? तोंडानं पुरेसं जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून पातळ आहार देतात. नळी बघून घाबरू नका.

मग आम्ही काय केलं? दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, उकडलेलं अंडं, दही, केळं, शिजवून कुस्करलेला दुधी. त्रास जास्त होता तेव्हा ठेचा, कच्ची कोशिंबीर, सालीची कडधान्यं बाजूला ठेवली. बरं वाटल्यावर एकेक परत सुरू केलं. दूध सगळ्यांनाच बाधतं असं नाही; ज्याला बाधतं त्यानंच सोडावं. रक्त गेल्यानं लोह कमी होतं, ते डॉक्टरांनी तपासून दिलं.

एक सांगते, जेवणानं ताकद येते, आजार जात नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या. स्टिरॉइडची गोळी तर आपल्या मनानं अचानक कधीच बंद करायची नाही.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, वर ताप, छातीत धडधड किंवा पोट फुगलेलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटातून उचला. मी उचलले, फेडलेही.

माझं मागणं एवढंच. सभेला येताना वजनकाटा आणू. जिचं वजन उतरतंय, तिला बाजूला घेऊन विचारू, "बाई, काय खातेस? शौचाला कसं होतं?" माझ्या सुनेला हे कुणी दोन महिने आधी विचारायला हवं होतं. मीसुद्धा विचारलं नाही.

आज ती ४८ किलोची आहे.