तेराची गोटी, अर्ध्या इंचाचा बोल्ट

अब्बांची जुनी विलीज जीप अमेरिकी मापाची. नटबोल्ट सगळे इंची. त्यांच्या पेटीतली अर्ध्या इंचाची गोटी हरवली. दुकानातल्या पोराने १३ मिलिमीटरची हातावर ठेवली. ‘चाचा, सेमच आहे.’

सेम नव्हती. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ०.३ ची पोकळी डोळ्यांना दिसत नाही; पण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला आणि गोटी गर्रकन फिरली, कोपरे गोल झाले. अब्बांनी चाळीस वर्षं जपलेला बोल्ट! गझलेत एक मात्रा वाढली तर मी ओळ खोडतो, इथे मात्र मान डोलावून पैसे दिले.

गॅरेजमधले उस्ताद हसले. ‘१९ ची पाऊण इंचाला बिनधास्त लावा, फरक ०.०५ चा. आठची अडीच सुताला चालते. तेराचं मात्र जपून. आणि बारा कोनी नको, सहा कोनी घ्या. तीही अशी, की कोपरे सोडून बोल्टच्या सपाट बाजू धरेल. ती दोन्ही मापांना चालते.’

तो बोल्ट शेवटी तशाच गोटीने निघाला. अब्बांच्या पेटीतल्या अर्ध्या इंचाच्या खाचेत ती जरा घट्टच बसते.