जुन्या घड्याळाचा वाजवी भाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बजावलं होतं, "आवडीच्या विषयावर बोल, पण नोकरीबद्दल नको." त्यामुळे सॉफ्टवेअरमधून तुमची सुटका झाली आहे. मी जुन्या मनगटी घड्याळांबद्दल बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर, जुनं घड्याळ घेताना त्याचा वाजवी भाव कसा ठरवायचा, याबद्दल. या बाबतीत मी तीनदा चुकले आहे, एवढाच माझा अधिकार.

पहिली चूक. बोर्डाच्या पहिल्या पेपरला निघताना बाबांनी हातातलं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. एचएमटी जनता. पट्टा इतका सैल की ते कोपरापर्यंत जायचं, म्हणून मी ते कंपासपेटीला टेकवून बाकावर ठेवायचे. तुमच्यापैकीही कित्येकांच्या बाकावर त्या मार्चमध्ये वडिलांचं नाहीतर काकांचं घड्याळ असणार. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला आणि पुढे कित्येक वर्षं नोकरी लागली की एचएमटी, लग्न ठरलं की एचएमटी, निवृत्त झालं तरी एचएमटी, असं चालायचं.

२००१ मध्ये मला नोकरी लागली. पहिल्या पगारातून बाबांना सेलवरचं घड्याळ घेतलं. दुकानात 'जुनं द्या, नवं न्या' योजना होती. जुन्याचे ५० रुपये वजा झाले. बाबा काही बोलले नाहीत. काउंटरवर ठेवण्याआधी त्यांनी सवयीनं त्याला चावी मात्र दिली.

दुसरी चूक बाबा गेल्यानंतरची. तसंच एक घड्याळ असावं असं फार वाटायला लागलं. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय घेतला होता, त्यामुळे 'आता मिळणार नाही' ही भीतीही होती. एका विक्रेत्यानं 'न वापरलेलं, जुना स्टॉक' म्हणून एक जनता दाखवलं. तबकडी नव्या ताटासारखी लखलखीत. मी ३,२०० रुपये मोजले. आठवड्यानं ते बंद पडलं. आमच्या घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "ताई, तबकडी परवा रंगवलेली आहे. काटे दुसऱ्या घड्याळाचे आहेत. आणि आत गंज आहे. तुम्ही रंगाचे पैसे दिलेत."

त्या दिवशी मी त्यांच्याकडे शिकायला बसले. शिकले ते थोडक्यात सांगते.

एक, जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. जनता घड्याळं लाखांनी बनली. त्यामुळे 'शेवटचंच आहे' असं कुणी म्हणालं तर घाई करू नका.

दोन, लखलखाटाला भुलू नका. पन्नास वर्षांची तबकडी थोडी पिवळट, कडेला डागाळलेली असणारच. अक्षरं भिंगातून बघा. मूळ छपाई रेखीव असते, रंगवलेल्या तबकडीवर अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात. रेडियमचे ठिपके असतील तर तबकडीवरचं आणि काट्यांवरचं रेडियम सारखंच म्हातारं झालंय का ते पाहा. एक पिवळं आणि एक हिरवंगार असेल तर काहीतरी बदललेलं आहे.

तीन, झाकण उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर न पाहिलेल्या यंत्राचा भाव गंजलेल्या यंत्राइतकाच धरा. गंज आहे का, स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या आहेत का, यंत्र त्याच कंपनीचं आहे का, एवढं आपल्यालाही दिसतं.

चार, ऐका. त्या काळच्या बहुतेक चावीच्या घड्याळांचे ठोके तासाला १८,००० पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. फोनवर हे ठोके मोजणारी ॲप मिळतात. घड्याळ उताणं ठेवून मोजा, मग उभं धरून मोजा. दोन्हींत फार फरक पडला तर खर्च आहे. पूर्ण चावी दिल्यावर ते निदान दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं पाहिजे.

पाच, आता हिशेब. मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. तशी घड्याळं प्रत्यक्षात कितीला गेली, त्याची वहीत नोंद ठेवा. समजा, मूळ भागांचं, नीट चालणारं घड्याळ २,००० ला जातं. समोरच्याला सर्व्हिसिंग लागणार, त्याचे ६०० वजा. काच आणि चावी बदलायची, त्याचे ३०० वजा. उरले १,१००. तबकडी रंगवलेली असेल तर आणखी खाली या. बाबांची आठवण मात्र या बेरजेत धरू नका, नाहीतर विक्रेता त्या आठवणीचेच पैसे घेतो.

एवढं शिकून मी हुशार झाले. आणि मग तिसरी चूक केली.

ओळखीतून कळलं की एका निवृत्त रेल्वे गार्डांच्या पत्नीला घरातलं घड्याळ विकायचं आहे. गेले. जनता. तबकडी मूळची, काटे मूळचे, थेट बाबांच्या घड्याळासारखं. आजी म्हणाल्या, "पळतं गं ते फार. दिवसाला दहा मिनिटं पुढे जातं. हे होते तोवर दुरुस्त करायचे. तीनशे दे."

घड्याळ रेडिओच्या स्पीकरला लागून ठेवलेलं होतं. चुंबकत्व आलं की केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या पर्समध्ये छोटं होकायंत्र होतं. ते जवळ नेलं तर सुई थरथरली. म्हणजे बिघाड जवळजवळ नव्हताच. घड्याळजींकडचं मिनिटभराचं काम. हे सगळं मला दोन मिनिटांत कळलं आणि मी काही न बोलता ३०० रुपये दिले. वर आजींच्या हातचा चहाही प्यायले.

घरी आले, चुंबकत्व काढून आणलं, घड्याळ सुतासारखं चालायला लागलं. माझ्या वहीप्रमाणे मी सतराशे रुपये वाचवले होते. त्या रात्री मला ते ५० रुपये आठवले. त्या काउंटरवरच्या मुलाला तरी जनताची किंमत माहीत नव्हती. मला माहीत होती.

महिन्याभरानं मी परत गेले. झालं ते सगळं सांगितलं आणि उरलेले १,७०० रुपये पुढे केले. आजींनी पैशांकडे पाहिलंच नाही. घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "चालतंय? मग कशाला विकायचं? राहू दे घरात." आत गेल्या, माझे तीनशे आणून हातावर ठेवले आणि पुन्हा चहा टाकला.

येताना बसमध्ये मी चिडले होते, हे कबूल करते. पण किमतीचा जो नियम मला वह्या भरून सापडला नव्हता, तो तिथे सापडला. आपल्याला माहीत असलेलं सगळं समोरच्याला सांगून झाल्यावरही जो भाव देता येतो, तो वाजवी. मग कधी घड्याळ मिळतं, कधी नाही.

तर आजही माझ्याकडे जनता नाही. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात, वडिलांच्या कागदपत्रांखाली एखादं पडलं असेल, तर मला जरूर दाखवा. झाकण उघडू, ठोके मोजू, त्याची खरी किंमत मी तुम्हाला सांगेन. विकायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा. फक्त रेडिओजवळ ठेवू नका.