थंडीत घराची ऊब आणि बाळंतिणीची खोली

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांनी हे आपल्या समूहाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.)



आजच्या विषयपत्रिकेवर वसुली आहे, बँक कर्जाचे प्रस्ताव आहेत, पुस्तकं तपासणी आहे. त्यातून मला थंडीवर बोलायला वेळ दिलात, त्याबद्दल आभार. काही जणी हसल्या, मी पाहिलं. थंडी दरवर्षीच येते, तिच्यावर काय भाषण करायचं? ऐका तर खरं.

आपला हा निफाडचा पट्टा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो, एखाद्या वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात आला की गावात धावपळ सुरू होते. द्राक्षाच्या मण्यांना तडे जातील म्हणून मध्यरात्री बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडलं जातं. घडाला थंडी वाजू नये म्हणून आपण रात्र जागवतो. करायलाच पाहिजे, वर्षाची कमाई आहे ती. पण त्याच रात्री घरात पत्र्याखाली म्हातारी सासू झोपलेली असते. आठ दिवसांचं बाळ असतं. बागेच्या कडेला खोपीत कामाला आलेलं कुटुंब असतं. त्यांच्यासाठी आपण काय करतो? एक चादर जास्तीची देतो, नाहीतर शेगडी पेटवून दार लावून घेतो. या शेगडीवर मला आज मुख्य बोलायचं आहे. पण आधी घराचं बघू, कारण घर नीट असलं तर शेगडीची गरजच कमी पडते.

ऊब जाते कुठून?

हीटर घ्यायचा विचार बऱ्याच जणींच्या मनात येतो. हिशोब करा. २००० वॅटचा हीटर एक तास चालला की २ युनिट. रोज रात्री चार तास लावला तर ८ युनिट, महिन्याला २४०. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि घरात फटी असतील तर ती विकतची ऊबही बाहेरच जाणार. गळक्या हंड्यात पाणी ओतल्यासारखं आहे ते. म्हणून आधी गळती बंद करायची.

पहिली गळती छपरातून. पत्रा रात्री मोकळ्या आभाळाखाली बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे अंथरुणावर थेंब पडतात ना? आपल्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ त्या गार पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होतं. उपाय असा की पत्र्याखाली, निदान झोपायच्या जागेवर, दुसरं छत बांधायचं. बांबूची चटई चालेल, ताडपत्री चालेल, जुन्या साड्या दुहेरी शिवून ताणल्या तरी चालतील. पत्रा आणि हे छत यांच्यात वीतभर अंतर ठेवा. मधली हवा हलत नाही, तीच ऊब धरून ठेवते. मात्र चुलीच्या वर हे बांधायचं नाही आणि दिव्याच्या वायरीला, बल्बला लागू द्यायचं नाही.

दुसरी गळती फटींतून. भिंत संपते आणि पत्रा सुरू होतो, तिथे पत्र्याच्या प्रत्येक लाटेखाली एक भोक असतं. दाराखालची फट असते. जुनं बारदान गुंडाळून, मातीचा गिलावा करून ती बुजवता येतात. कांद्याची जाळीची गोणी वारा अडवत नाही. पशुखाद्याची विणलेली पांढरी गोणी अडवते, ती धुऊन, उसवून खिडकीला आतून लावा. आता एक गोष्ट लक्षात ठेवा: चूल ज्या खोलीत पेटते, त्या खोलीची धूर जायची वाट कधीही बुजवायची नाही. थंडी वाजली तरी चालेल.

तिसरी गळती जमिनीतून, आणि हिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आपण दोन-दोन पांघरुणं अंगावर घेतो आणि खाली एक सतरंजी. अंगाच्या भाराने खालचं अंथरूण दबतं, त्यातली हवा जाते, आणि गार फरशी रात्रभर आपली ऊब ओढून घेते. म्हणून दोन गोधड्या असतील तर एक खाली घ्या. तिच्याखाली कोरडं बारदान किंवा वाळलेलं गवत भरलेलं पोतं टाका. द्राक्षाच्या पॅकिंगचे पुठ्ठ्याचे खोके उलगडून अंथरले तरी मोठा फरक पडतो. खाटेवर झोपणाऱ्यांनीही खाली जाड थर घ्यावा, कारण खाटेच्या विणीतून खालून गार हवा लागते.

गोधडीचं काय सांगू, ती तुम्हीच मला शिकवाल. जुन्या साड्यांचे थर, आणि प्रत्येक दोन थरांत अडकलेली हवा. एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ पांघरुणं जास्त ऊब देतात ती यामुळेच. पण गोधडी दमट झाली की तिची ऊब गेली. रोज दुपारी ती उन्हात टाका आणि ऊन उतरायच्या आत घरात घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. दक्षिणेचं दार-खिडकी अकरा ते चार उघडी ठेवा, ऊन आत येऊ द्या, फरशी-भिंती तापू द्या. दिवस मावळायच्या आधी सगळं बंद करा. याला एक रुपयाही लागत नाही.

आता शेगडी

मैत्रिणींनो, इथे जरा नीट ऐका. बंद खोलीत कोळशाची किंवा निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपलं तर माणसं झोपेतच जातात. हे दर हिवाळ्यात कुठे ना कुठे घडतं. कारण समजून घ्या. निखारा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तात प्राणवायूची जी जागा असते, तिथे हा वायू जाऊन चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, गुंगी चढते. जागं असलेलं माणूस उठून बाहेर तरी जाईल. झोपलेल्याला कळतच नाही.

बऱ्याच जणी म्हणतात, "आम्ही धूर गेल्यावरच शेगडी आत घेतो." धूर जातो, वायू जात नाही. लालबुंद, बिनधुराच्या निखाऱ्यातूनही तो येतच असतो.

आणि ही शेगडी सगळ्यात जास्त कुठे असते? बाळंतिणीच्या खोलीत. बाजेखाली शेगडी, वरून ओव्याची धुरी, दार-खिडकी बंद, वारा लागू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबलेल्या. आई थकून झोपलेली आणि बाळ तिच्या कुशीत. ज्या दोघांना जपायचं म्हणून एवढं सगळं केलं, तीच दोघं सगळ्यात जास्त धोक्यात.

मला माहीत आहे, सुनेला हे घरात बोलता येत नाही. सासूबाई म्हणतात, "आमची सहा बाळंतपणं शेगडीवरच झाली, काही झालं नाही." त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या काळी घर कुडाचं होतं, वर कौलं होती. भिंतीतून, कौलांतून हवा खेळायची आणि वायू निघून जायचा. आता खोली सिमेंटची झाली, खिडकीला काचा आल्या, दार घट्ट बसतं. घर बदललं, म्हणून शेगडीची रीत बदलायची. सासूबाईंना "तुमचं चुकलं" असं म्हणू नका. "आत्या, तुमच्या घराला फटी होत्या, या घराला नाहीत," असं म्हणा. सुनेला बोलायला अवघड जात असेल तर आपण समूहातल्या चार जणी मिळून भेटायला जाऊ. बाळंतविडा घेऊन जातोच ना, त्याच वेळी बोलू.

शेक द्यायचाच असेल तर दिवसा द्या, दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागं जवळ बसलेलं असताना. झाला की शेगडी घराबाहेर काढा. रात्री ती आत राहता कामा नये, विझत आलेली असली तरीही. आईच्या कमरेला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. बाळाजवळ मात्र पिशवी ठेवू नका, त्याची कातडी लगेच भाजते.

आणि कधी शेगडीच्या खोलीत कोणी गुंगीत सापडलं, तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

मग बाळाला ऊब कशी द्यायची?

आईच्या अंगाची. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात एका दवाखान्यात लहान वजनाच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून बांधली. आज ही रीत जगभर आहे, तिला कांगारू मदर केअर म्हणतात. बाळाला लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे, आईच्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. तोंड-नाक मोकळं हवं. आई थकली तर आजीने घ्यावं, बापानेही घ्यावं. बापाच्या अंगातही तेवढीच ऊब असते.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाला उबदार ठेवणं ही मोठी गोष्ट होती. तिथले बालमृत्यू बरेच घटले आणि पुढे हेच काम आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळंतिणीची खोली त्यांना दाखवा.

एक सोपी तपासणी सगळ्यांनी शिकून घ्या. आपला हात कोरडा आणि उबदार करा, बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या आणि पाजा. पोटही गार लागलं तर ते आजारपण आहे. छातीशी धरूनच दवाखान्यात न्या. आणि जन्मल्यावर पहिले २४ तास बाळाला आंघोळ घालू नका, नुसतं कोरडं पुसून घ्या.

पैशाचं काय?

छत बांधायला, फटी बुजवायला, दोन ब्लँकेटं घ्यायला पैसे लागतात. पण समूहात बाई शेळीसाठी कर्ज मागते तेव्हा आपण हो म्हणतो. तीच बाई छपराखाली ताडपत्री लावायला मागते तेव्हा म्हणतो, "यातून उत्पन्न काय?" याचा विचार करा. पोर आजारी पडलं की दवाखाना होतो, चार दिवसांची मजुरी बुडते आणि मग तीच बाई सावकाराच्या दारात उभी राहते. ते कर्ज आपल्या वहीत दिसत नाही, पण पुढच्या हप्त्याची थकबाकी दिसते.

हिशोब मांडते. समजा ३,००० रुपये, महिना शेकडा २ व्याज, सहा महिन्यांत परतफेड. मुद्दल दरमहा ५००. व्याज पहिल्या महिन्याला ६०, मग ५०, ४०, ३०, २० आणि १०. सगळं मिळून २१० रुपये, आणि तेही आपल्याच समूहात राहतात. दहा जणींनी मिळून ताडपत्री घाऊक आणली तर दरातही सूट मागता येते. ज्या ताई गोधड्या शिवतात, त्यांच्याकडूनच ग्रामसंघाने गोधड्या घेतल्या तर पैसा गावातच फिरेल.

तर माझं मागणं असं. पुढच्या बैठकीत प्रत्येक समूहाने तीन गोष्टी इतिवृत्तात लिहाव्यात. एक, आपल्या समूहात आणि वस्तीवर या हिवाळ्यात बाळंतीण कोण आहे, एकटी म्हातारी कोण आहे, त्यांची नावं. दोन, त्यांच्या घरी कोणत्या दोघी जाऊन छप्पर, अंथरूण आणि शेगडी बघून येणार. तीन, घराच्या दुरुस्तीसाठी अंतर्गत कर्जात किती रक्कम बाजूला ठेवणार. बागेवरच्या खोपीत राहणाऱ्या बायका आपल्या समूहाच्या सभासद नसतील, पण त्यांचंही नाव पहिल्या यादीत घ्या. थंडी सभासद बघून लागत नाही.

वसुलीच्या विषयाला उशीर झाला, त्याबद्दल कोषाध्यक्षताईंची माफी मागते.